चिकटणं आणि ओळखणं

पौष महिन्यात कराडजवळच्या पाल गावी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. तारळी नदीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते. गोरज मुहूर्तावर भंडारा उधळला की माणसं, गाड्या, दुकानांची कापडं, नदीचं वाळवंट, सगळं पिवळं होऊन जातं. दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या कुठल्याही एस.टी.त बसा. कुणाच्या कानामागे, कुणाच्या नखांच्या कडेला, कुणाच्या मनगटावरच्या घडीत तो पिवळेपणा अजून बसलेला दिसतो. आंघोळ झालेली असते, साबण लावून झालेला असतो, तरी हळद गेलेली नसते.

ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे, तो विषय त्या हातावर पूर्णपणे मांडलेला आहे. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन नावाच्या रेणूचा. एकवीस कार्बन, वीस हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणूंचा हा छोटा रेणू, त्याचा रेणुभार ३६८. त्वचेचा वरचा थर केराटिन या प्रथिनाचा आणि त्यातल्या चरबीचा. छोटा रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागावर जाऊन बसला आणि उजेडाने ते आपल्याला सांगितलं. छोटा रेणू, पृष्ठभागावरचं प्रथिन आणि प्रकाश या तिघांवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक मोठं शास्त्र उभं राहिलं आहे. नव्या औषधाचा शोध, दुधातल्या प्रतिजैविकांची तपासणी, अन्नातले अवशेष ओळखणं अशा अनेक ठिकाणी ते वापरलं जातं.

पण त्या पिवळ्या हाताकडे पाहून एक गोष्ट कळत नाही, आणि पुढची सगळी प्रकरणं त्या एका गोष्टीभोवती फिरतात. हळद हाताला चिकटली, की हाताने हळदीला ओळखलं?

हळद भिंतीला लागते, धोतराला लागते, प्लास्टिकच्या डब्याला तर कायमची लागते. तिला पाण्यात राहायला आवडत नाही. तेलकट, तुपट, पाण्यापासून दूर राहणारी कुठलीही जागा मिळाली की ती तिथे जाऊन बसते. हे चिकटणं. याउलट पेनिसिलिनचा रेणू घ्या. त्याचा रेणुभार ३३४, म्हणजे कुरकुमिनपेक्षाही थोडा हलका. जिवाणूच्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतल्या पेशीभित्ती विणणाऱ्या मोजक्या प्रथिनांपाशीच हा रेणू जातो, त्यांच्या खाचेत बरोबर बसतो आणि विणकाम थांबवतो. हे ओळखणं. दोन्ही वेळा रेणू प्रथिनावर बसलेलाच असतो आणि हे बसणं मोजणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर दोन्ही वेळा रेघ वरच चढते. त्या दोन रेघांतला फरक ज्याला कळला, त्याला हा विषय कळला.

रेघ का चढते ते आधी पाहू.

उपकरणाच्या गाभ्यात एक काच असते आणि काचेवर सोन्याचा पापुद्रा. त्याची जाडी साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतला एक. एक ग्रॅम सोन्यात या जाडीचा जवळजवळ एक चौरस मीटर पापुद्रा होतो. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी टापूतून बाहेर पडून देशभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा उभा करणाऱ्या गलाई बांधवांच्या घरात हा हिशेब सांगितला, तर तो लगेच समजतो, कारण सोन्याच्या कणाकणाचा हिशेब हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. इथे सोनंच का, हेही त्यांना सांगावं लागत नाही. ते पाण्यात, मिठात, रक्तात गंजत नाही. मुशीत काय जळतं आणि काय शिल्लक राहतं हे रोज पाहणाऱ्याला ‘निष्क्रिय धातू’ या शब्दाची गरज पडत नाही. त्यांचा कसोटीचा दगड हेसुद्धा प्रकाशाने पारखण्याचंच साधन आहे: पृष्ठभागावर पातळ रेघ ओढायची आणि तिचा रंग डोळ्याने वाचायचा.

सोन्याच्या या पापुद्र्यावर काचेच्या बाजूने तिरका प्रकाश टाकला की बहुतेक सगळा परत फिरतो. पण एका ठरावीक कोनात चमत्कारिक गोष्ट घडते. परतीचा प्रकाश अचानक जवळजवळ नाहीसा होतो. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन त्या कोनातल्या प्रकाशाच्या तालावर एकत्र झुलू लागतात आणि प्रकाशाची ऊर्जा स्वतःकडे ओढून घेतात.

हे समजायला मिरजेला जावं. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीच्या पडद्यांखालून तरफेच्या तारा गेलेल्या असतात. वाजवणारा त्यांना हात लावत नाही. वरच्या तारेवर नेमका तो स्वर लागला की त्या स्वराची तरफ आपोआप थरथरते आणि बाकीच्या गप्प राहतात. स्वर केसभर सरकला तर तीही गप्प. कारागीर तारेखालच्या घोडीला जव्हारी काढताना कानाने जे ऐकत असतो, तेच काम हे उपकरण प्रकाशाने करतं. सोन्याचे इलेक्ट्रॉन ही तरफ, प्रकाशाचा कोन हा स्वर. सोन्याच्या दुसऱ्या बाजूला, पाण्याकडच्या अंगाला, काहीही येऊन बसलं की ती तरफ थोडी उतरते किंवा चढते, आणि प्रकाश नाहीसा होण्याचा कोन सरकतो. सरकलेला कोन मोजायचा, बस. रेणूला रंग लावायला नको, किरणोत्सारी खूण जोडायला नको. तो आहे तसा येतो, बसतो, उठून जातो, आणि प्रत्येक क्षणाची नोंद होत राहते.

यातला बारकावा असा की ही तरफ फार जवळचंच ऐकते. सोन्यापासून दोनतीनशे नॅनोमीटरपर्यंत जे आहे तेच तिला कळतं, त्यापलीकडचं पाणी कसंही असो. म्हणून द्रावणात हजारो रेणू तरंगत असले तरी पृष्ठभागावर येऊन बसलेलेच प्रामुख्याने मोजले जातात. मोजला जातो तो पृष्ठभागाजवळचा प्रणमनांक, म्हणजे तिथे प्रकाशाचा वेग किती मंदावतो ती संख्या.

‘प्रणमनांक’ हा शब्द विश्वकोशातला. शाळेच्या पुस्तकात याच संख्येला ‘अपवर्तनांक’ म्हणतात. तरफेच्या थरथरण्याला विश्वकोशात ‘अनुस्पंदन’ हा शब्द आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत, कृष्णेच्या काठी, चाललं आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. त्या खंडांतले विज्ञानाचे लेख आज वाचताना कुठे शब्द जड वाटतात. तरी आधुनिक भौतिकीतली जवळजवळ प्रत्येक कल्पना मराठीत मांडायचीच, असा निर्धार त्या पानापानांत आहे. पुढच्या प्रकरणांत दोन्ही शब्द येतील. वाचकाने जिभेवर बसेल तो वापरावा.

सोन्याच्या या वागण्याची पहिली खूण १९०२ साली सापडली. अमेरिकेत आर. डब्ल्यू. वुड यांना धातूच्या रेखाटलेल्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशात काळ्या पट्ट्या दिसल्या, पण त्यांचं कारण त्यांना लावता आलं नाही. प्रयोगशाळेत ते हुकमी घडवून आणायला १९६८ उजाडलं. जर्मनीत आंद्रेआस ओटो यांनी एका पद्धतीने आणि क्रेचमन व हाइन्झ रेथर यांनी दुसऱ्या पद्धतीने ते केलं. स्वीडनमधल्या लिंकोपिंग इथे लिडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ मध्ये याच मार्गाने प्रतिपिंडांचं बसणं मोजून दाखवलं, आणि १९९० मध्ये पहिलं विक्रीचं यंत्र बाजारात आलं. याच्या आधीही, १९३० च्या दशकात, कॅथरीन ब्लॉजेट आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी धातूवरच्या पातळ थरांचा रंग पाहून थराची जाडी सांगण्याची युक्ती काढली होती. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग ज्या कारणाने दिसतात, तेच तिचं कारण. आज प्रकाशतंतूच्या टोकावर प्रथिन लावून परतणाऱ्या रंगाचं सरकणं मोजतात, ती त्याच युक्तीची नात.

आता सोन्यावर प्रथिन बसवायचं. उघड्या सोन्यावर प्रथिन टाकलं तर ते वेडंवाकडं चिकटतं आणि पसरून त्याचा आकारच बिघडतो. त्याला मऊ, पाणीदार, आपल्या रूपात राहू देणारी गादी लागते. सर्वांत जास्त वापरली गेलेली गादी डेक्स्ट्रानची आहे. हे नाव वाचलं आणि मी थांबलो, कारण सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांत या नावाला कुणी चांगलं म्हणत नाही. तोडलेला ऊस फडात किंवा गव्हाणीपाशी दिवसेंदिवस पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यातल्या साखरेची लांबलचक, बुळबुळीत साखळी विणतो. ते डेक्स्ट्रान. रस घट्ट होतो, गाळणी तुंबते, स्फटिक नीट धरत नाहीत, उतारा पडतो. ज्याच्यामुळे कारखान्याचा केमिस्ट वैतागतो, तीच साखळी शुद्ध करून, तिला थोडी आम्लाची टोकं जोडून, सोन्यावर साधारण १०० नॅनोमीटर उंचीच्या गवतासारखी उभी करतात, आणि त्या गवतात प्रथिनं अडकवतात. गवत पाण्याचं असल्यामुळे प्रथिनाला आपण पेशीतच आहोत असं वाटावं इतकी सोय होते. शिवाय सपाट जमिनीपेक्षा गवतात जास्त प्रथिनं मावतात, आणि छोट्या रेणूंसाठी ती गर्दी फार लागते.

का लागते, ते वजनकाट्यावर समजतं. प्रतिपिंडाचा रेणुभार दीड लाख. औषधाच्या सामान्य रेणूचा तीनशेच्या आसपास. प्रमाण पाचशेला एक. ऊस भरलेला ट्रक काट्यावर उभा आहे, गाडी-मालासह पंधरा टन. त्यावर तीस किलोचं एक पोर चढलं. ते चढलं की उतरलं, हे काट्याच्या आकड्यावरून ओळखायचं आहे, आणि काटा वाऱ्यानेही हलतो आहे. प्रथिनावर प्रथिन बसलं तर दुसरा ट्रक आल्यासारखं कळतं. छोटा रेणू बसला तर हे पोर. या यंत्रांच्या पहिल्या पिढीला मोठे रेणू सहज दिसायचे, छोटे जेमतेम. पृष्ठभागावर तीस हजार रेणुभाराच्या प्रथिनाने यंत्राच्या मापात ३००० एकक संकेत दिला असेल, तर तीनशे रेणुभाराचा रेणू प्रत्येक प्रथिनावर एक बसला तरी जास्तीत जास्त ३० एकक मिळतात. ही मर्यादा साध्या त्रैराशिकाची आहे. तिच्यापलीकडे रेघ गेली तर आनंद मानायचा नसतो, संशय घ्यायचा असतो. बाकावर तीन माणसांची जागा आहे आणि तीस बसलेली दिसत असतील, तर ते बाकावर बसलेले नाहीत, एकमेकांच्या अंगावर पडलेले आहेत.

आणि त्या ३० एककांच्या आसपास केवढा गोंगाट असतो पाहा. पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने बदललं तर त्याचा प्रणमनांक इतका हलतो की यंत्रावर सुमारे शंभर एककांचा फरक दिसतो. म्हणजे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर हवं. औषधाचे बहुतेक रेणू पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ते डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रवात विरघळवून मग पाण्यात मिसळतात. त्या द्रवाचं प्रमाण दोन नमुन्यांत एक टक्क्याने जरी वेगळं झालं, तरी हजाराहून जास्त एककांचा धक्का बसतो. पोराचं वजन करायचं आणि काट्यावर हत्ती नाचतो आहे.

यावरचा उपाय ऊस घालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. भरलेल्या गाडीचं वजन घ्या, मग रिकाम्या गाडीचं घ्या, वजाबाकी करा. रिकाम्या गाडीचं वजन ज्याने पाहिलं नाही त्याची काटामारी होते. यंत्रात म्हणून सोन्याच्या दोन वाटा असतात. एकीवर प्रथिन, दुसरीवर प्रथिन नाही, बाकी सगळं तंतोतंत तेच: तीच गादी, तेच द्रावण, तेच तापमान, तोच क्षण. पहिलीतून दुसरी वजा केली की तापमान गेलं, द्रव गेला, आणि मुख्य म्हणजे नुसतं चिकटणं गेलं, कारण जो रेणू गादीलाच चिकटतो तो दोन्ही वाटांवर सारखाच चिकटतो. उरतं ते ओळखणं. निदान उरावं अशी अपेक्षा.

अपेक्षा म्हणायचं कारण हळद आहे. तिच्याकडे येण्याआधी काळाबद्दल थोडं, कारण या पद्धतीचा खरा मोठेपणा तिथे आहे. इतर अनेक चाचण्या शेवटी किती बसले एवढंच सांगतात. इथे रेघ चढताना दिसते आणि नुसतं पाणी सोडलं की उतरताना दिसते. चढण्याचा वेग म्हणजे रेणू किती लवकर जागा शोधतो. उतरण्याचा वेग म्हणजे किती वेळ बसून राहतो. दोन रेणूंची एकूण ओढ सारखी असू शकते, पण एक झटकन येऊन झटकन जातो आणि दुसरा उशिरा येतो पण तासन्‌तास हलत नाही. औषध म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत औषध शोधणारे ओढीइतकंच मुक्कामाचंही मोल करू लागले आहेत. बायोटिन नावाचं एक जीवनसत्त्व आहे, रेणुभार फक्त २४४. ते स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनात असं रुतून बसतं की साध्या धुण्याने निघत नाही. म्हणून प्रयोगशाळांत त्या जोडीचा डिंकासारखा उपयोग करतात. इतक्या छोट्या रेणूचं इतकं घट्ट ओळखणं निसर्गात दुर्मीळ आहे.

आता हळद.

सांगलीच्या बाजारात सौद्याला बसलेला व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. ही प्रकाशानेच केलेली पारख, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद वर्षानुवर्षं किडीविना ठेवायचे. २००५ च्या महापुरात त्यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या हळदीत दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास जो पिवळा रेणूसमूह असतो, त्याचा कुरकुमिन हा प्रमुख. तो १८१५ मध्ये फ्रान्समध्ये वेगळा काढला गेला, त्याची रचना १९१० मध्ये कळली. गेल्या तीस वर्षांत त्याच्यावर हजारो शोधनिबंध निघाले. कर्करोगापासून विस्मरणापर्यंत शेकडो प्रथिनांवर कुरकुमिन ‘बसतो’ असे निष्कर्ष आले.

त्यातच २०१७ साली एका प्रतिष्ठित औषध-रसायनशास्त्रीय नियतकालिकात कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा एक विस्तृत आढावा आला, आणि त्याने या सगळ्या ढिगाऱ्याकडे पुन्हा पाहायला लावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कुरकुमिन स्वतः रंगीत आहे आणि प्रकाश पडल्यावर स्वतःच चमकतो, म्हणून रंगावर किंवा चमकेवर चालणाऱ्या चाचण्यांना तो फसवतो. तो पाण्यात एकटा राहत नाही, गोळे करतो, आणि ते गोळे जे सापडेल त्या प्रथिनाला चिकटतात. तो काही प्रथिनांशी रासायनिक क्रियाच करून बसतो. धातूंना धरतो. आणि तो टिकत नाही: शरीराच्या तापमानाला, साध्या क्षारयुक्त पाण्यात, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे १९९७ मध्येच मोजलेलं होतं. एकशेवीसहून जास्त मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध पद्धतीने, तुलनेसाठी बनावट गोळी ठेवून केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. २०१० मध्ये जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंच्या घराण्यांची यादी केली होती. अशा फसव्या रेणूंचं उदाहरण द्यायचं झालं की आता बहुधा पहिलं नाव कुरकुमिनचं येतं.

सांगलीच्या माणसाला हे वाचून वाईट वाटणं स्वाभाविक आहे. मलाही वाटलं. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं एकस्व अमेरिकेत दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि निबंध पुराव्याला लावून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. ते आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावं. पण त्या निकालाने सिद्ध झालं ते एवढंच की हा वापर आपल्याकडे आधीपासून होता. हळद शरीरात नेमकं कोणत्या प्रथिनाला ओळखते, हा प्रश्न त्या वादात नव्हताच. हे दोन प्रश्न आपण एकत्र केले आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात मिळालं असं समजून बसलो.

मला या गोष्टीत हळदीची बदनामी दिसत नाही. उलट एका अर्थाने तिने जगभरच्या प्रयोगशाळांना शिकवलं. रिकाम्या वाटेवरचा आकडा न पाहता भरलेल्या गाडीचं वजन जाहीर केलं की काय होतं, ते इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कुठल्या रेणूने क्वचितच दाखवलं असेल. आणि त्याच संशोधनात एक खरी, सुंदर गोष्टही आहे. रक्तद्रवात हाच कुरकुमिन बराच जास्त टिकतो, कारण रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, रेणुभार साधारण ६६,५००, त्याला आपल्या खोबणीत घेतं आणि पाण्यापासून वाचवतं. अल्ब्युमिनचं कामच असं अनेक तेलकट रेणूंना पाठीवर घेऊन जाण्याचं. चिकटणं आणि ओळखणं यांच्या मधली ही जागा आहे, आणि प्रकाशाच्या याच पद्धतींनी ती मोजता येते. हळदीचा भाव औषधी दाव्यांवर टांगून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती रंगासाठी, वासासाठी, चवीसाठी, लग्नासाठी आणि खंडोबासाठी पुरेशी मोलाची आहे.

या विषयाशी सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांचं पोटाचंही नातं आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे अडली. आपले बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून ते फवारत. इकडे तपासायच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे इथून तपासून गेलेला माल तिकडे नापास झाला. तासगाव, मिरज, पलूस भागातल्या ज्यांनी तो हंगाम पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम.

अशा अवशेषांची अधिकृत तपासणी आजही रेणू एकेकटे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मोठ्या यंत्रांवर होते, आणि तीच व्हायला हवी. प्रकाशाच्या पद्धतीचं काम आधीच्या चाळणीचं आहे. बांधावर, संकलन केंद्रावर, पाच-दहा मिनिटांत कोणता नमुना पुढे पाठवायचा एवढं तिने सांगावं. दुधात ते होतंही. गाईला दगडी झाली, पेनिसिलिन टोचलं आणि दूध लगेच डेअरीला घातलं, तर ते अवशेष सगळ्या टाकीत जातात. किलोमागे चार मायक्रोग्रॅम ही पेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा. चाचणीच्या पट्टीवर पेनिसिलिनला ओळखणारं प्रथिन सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेलं असतं, आणि तिथे उमटणारी लाल रेघ म्हणजे त्या कणांचाच रंग. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मघाच्याच इलेक्ट्रॉनांच्या झुलण्यामुळे. करोनाच्या काळात घरोघरी पाहिलेल्या पट्टीवरची रेघही बहुधा याच सोन्याची होती.

इथे पोराच्या वजनाचा प्रश्न उलटा करून सोडवला आहे, आणि ही युक्ती मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते. छोट्या रेणूचं वजन करायचंच नाही. पट्टीवर तो रेणू आधीच बसवून ठेवायचा. दुधात पेनिसिलिन नसेल तर सोन्याचं ओझं घेतलेलं प्रथिन पुढे येऊन पट्टीवरच्या रेणूला धरतं आणि रेघ उमटते. दुधात पेनिसिलिन असेल तर प्रथिनाचे हात आधीच भरलेले, ते पट्टीवर थांबत नाही आणि रेघ फिकी होते. म्हणजे रेघ गेली की दूध बाद. पहिल्यांदा पट्टी हातात घेणारा इथे हमखास उलटा अर्थ लावतो, म्हणून हे नीट समजून घ्यावं. इतक्या छोट्या रेणूंना ओळखणारे प्रतिपिंड मिळवण्याची वाट कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवली होती: छोटा रेणू एकटा शरीराला दिसत नाही, त्याला मोठ्या प्रथिनाला जोडून द्या, मग शरीर त्याची ओळख ठेवतं.

पुढच्या प्रकरणांत गणित आहे, आकृत्या आहेत, आणि काचेचा लोलक, लाल लेसर व सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी एवढ्या सामानात महाविद्यालयात मांडता येईल असा एक प्रयोगही आहे. सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या ज्या प्राध्यापकांच्या हातात हे पुस्तक पडेल त्यांना माझी एक विनंती आहे. पहिला प्रयोग बाहेरून मागवलेल्या रसायनावर करू नका. आपल्याच बाजारातली हळद घ्या, तिचा अर्क काढा, अल्ब्युमिनवर सोडा आणि मुलांना रेघ चढताना पाहू द्या. त्याआधी मात्र तोच अर्क प्रथिन नसलेल्या पट्टीवर सोडा, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.